डब्यावरची आई

पावडरच्या डब्यावर आई हसत होती, आणि डब्याच्या पलीकडे, खिडकीजवळच्या पलंगावर, तीच आई वाळत चालली होती. आहारशास्त्राचं शिक्षण संपवून घरी परतलेल्या धाकटीला आधी डबा दिसला, मग आई. दोघी एकच आहेत यावर तिचा क्षणभर विश्वास बसेना.

डबा दादाचा. थोरल्या भावानं वय झालेल्या माणसांसाठी प्रोटीनची पावडर काढली होती. वर छापायला परकी बाई कशाला, म्हणून त्यानं आईचाच फोटो घेतला. तेव्हा आई अंगानं चांगली भरलेली होती. पुढे ती न्हाणीघरात घसरली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि टाके घातलेली जखम काही केल्या भरून येईना.

"जेवतेस का नीट?" धाकटीनं विचारलं.

"जागा कुठे राहते जेवायला? सकाळी पेलाभर पावडर, दुपारी पेलाभर, संध्याकाळी पेलाभर. मध्ये चहात पावाचा तुकडा. पोट कसं तट्ट!"

"दूध? अंडं? डाळ?"

"अगं, ज्या डब्यावर माझं तोंड, तो सोडून मी अंडी खात बसू? उद्या कुणी विचारलं, काकू, तुम्ही स्वतः घेता का, तर काय सांगू? मला खोटं बोलता येत नाही, तुला माहितीये."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणाले, प्रोटीन वाढवा. मी म्हटलं, अहो, प्रोटीनची मालकीणच आहे मी!" आई हसली. हसताना गालांची हाडं तेवढी हलली. "मग रात्रीचा चौथा पेला सुरू केला."

धाकटीनं डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. घटक एकच होता, कोलॅजन. जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढतात ते. प्रोटीनच ते, त्यात खोटं काही नाही. पण काही अमिनो आम्लं माणसाच्या शरीराला बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. त्यातलं ट्रिप्टोफॅन कोलॅजनमध्ये औषधालाही सापडत नाही. आणि शरीराकडे अमिनो आम्लांसाठी कोठार नसतं. एक आलं नाही, की बाकीची आलेली जळून वाया जातात. न आलेलं मिळवण्यासाठी शरीर मग स्वतःच्याच दंड-मांड्यांना हात घालतं.

धाकटीनं आईचा दंड धरून पाहिला. तिची बोटं सहज एकमेकांना भिडली.

दादा गोदामात होता. एका बाजूला आईच्या हसऱ्या तोंडांची उतरंड, आणि टेबलाशी दादा उकडलेली अंडी सोलत बसलेला.

"या, प्रोफेसरीणबाई! आल्या आल्या तपासणी?"

"दादा, यात ट्रिप्टोफॅन नाहीये."

"नव्वद टक्के प्रोटीन आहे. प्रयोगशाळेनं सांगितलंय."

"प्रयोगशाळेवाले नुसता नायट्रोजन मोजतात आणि गुणाकार करून त्यावरून प्रोटीन काढतात. किती आहे ते त्यातून कळतं. काय नाही ते कळत नाही."

"बरं, वीस अमिनो आम्लांतलं एक नसलं, तर काय आभाळ कोसळलं?"

"दार आहे, कडी आहे, कुलूप आहे, फक्त किल्ली नाही. बस मग उंबऱ्यावर."

दादानं अंड्यावर मीठ भुरभुरवलं. बराच वेळ. मग खालच्या आवाजात म्हणाला, "माहितीये मला. दूध-अंड्याच्या जोडीनं घ्यायची असते ती. पुढच्या खेपेला छापणार आहे डब्यावर."

"आईला सांगितलंस?"

"ती घरी आलेल्या गिऱ्हाइकांसमोर पेला पिऊन दाखवते गं. इतक्या हौसेनं! कोणत्या तोंडानं सांगू? तूही बोलू नकोस. तिचं मन मोडेल."

"तिचं मन सोडून बाकी सगळं मोडलंय, दादा."

त्याच्या ताटलीत दोन अंडी उरली होती. धाकटीनं ताटलीसकट ती उचलली आणि घर गाठलं.

तिनं आईला सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत, काही न लपवता. आई ऐकत राहिली. मग एवढंच विचारलं, "त्याला माहीत होतं?"

धाकटीनं ताटलीतलं अंडं उचललं. "होतं," ती म्हणाली.

आईनं डब्याकडे पाहिलं. मग लहान मुलासारखा आ केला. "दे."

पहिलं अंडं तिनं अधाशासारखं खाल्लं. दुसऱ्याचा घास तोंडात असतानाच दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या ताई आल्या होत्या. काखेत तोच डबा, तेच हसू.

"काकू, तुमचा फोटो बघून घेतला हो! वडिलांना पडून पडून पाठीला जखमा झाल्यात. थोडं दूध, थोडी डाळ तेवढी जाते. म्हटलं, ते बंद करून हेच द्यावं. चालेल ना? तुम्ही घेता ना?"

आईनं घास गिळला. ताटली पांघरुणाखाली सरकवली.

"चालेल की," ती म्हणाली. "मी दुसरं काही घेतच नाही."

"ताई, दूध बंद करू नका!" धाकटी पुढे झाली. "डाळही राहू द्या. जमलं तर अंडं द्या. नुसत्या पावडरीनं जखम भरत नाही."

"तिचं काय ऐकता?" आईचा आवाज कधी नव्हे इतका गोड झाला होता. "कालची पोर. दोन पुस्तकं वाचून आलीये. सख्ख्या भावाचं बरं चाललेलं बघवत नाही तिला."

ताईंनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा धाकटीकडे. "चालायचंच हो, घरोघरी तेच," असं म्हणून हसत त्या जिना उतरल्या.

आईनं पांघरुणाखालून ताटली काढली. उरलेल्या अर्ध्या अंड्याला लोकर चिकटली होती.

"ने हे. आणि पेला कर माझा."

"आई, आत्ताच तर सांगितलं तुला..."

"खोटं बोलले ना मी? मग आता तरी खरं करायला नको?"

धाकटी आत गेली. तिनं पाण्याऐवजी दुधात पावडर कालवली आणि पेला आणून दिला. आईनं एक घोट घेतला, जिभेवर घोळवला, आणि पेला तिच्या हातात परत दिला.

"पाण्यातला आण," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

धाकटी तो दुधाचा पेला घेऊन तशीच खाली गेली. शिवणवाल्या ताईंचं दार बंद होतं. तिनं वाजवलं. आतून पेल्यात चमचा ढवळल्याचा आवाज येत होता. तो थांबेना, म्हणून तिनं पुन्हा वाजवलं, मूठ वळून.