खांद्यावरचा हात

माझं डोकं लवकर फिरतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून भेटायला गेले आणि धाकट्या भावाच्या मनगटांवर काळेनिळे वळ दिसले, तेव्हा मी आधी घोटभर पाणी प्यायले आणि मगच विचारलं. मनोरुग्णालयात मीच त्याला दाखल केलं होतं. तो एवढंच म्हणाला, "ताई, तो उंच वॉर्डबॉय बांधतो. मग मारतो."

धाकट्याला खोटं बोलता येत नाही. पत्ते खेळताना हातात एक्का आला की आधी याचेच कान लाल व्हायचे. मी तडक मोठ्या डॉक्टरांकडे गेले आणि सगळं तोंडावर सांगितलं.

"चौकशी करू. तुमच्यासमोरच करू, मग तर झालं?" ते म्हणाले. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, कुणीतरी ऐकून घेतंय.

पुढच्या आठवड्यात बोलावणं आलं. खोलीत डॉक्टर, मेट्रन आणि मी. दार उघडलं, आणि धाकट्याला हाताला धरून आत आला तो तोच उंच वॉर्डबॉय. मी बघतच राहिले.

"हा इथे कशाला?"

"त्याच्या वॉर्डातला पेशंट ना, मग आणायचा त्यानेच," मेट्रन म्हणाली. "आमच्याकडे नेहमी असंच असतं."

तिला त्यात काही वावगं वाटतच नव्हतं. त्याने धाकट्याला खुर्चीत बसवलं, मागे उभा राहिला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अगदी मायेने.

"तुला इथे कुणी मारतं का रे?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"मग ताईला तसं का सांगितलंस?"

"मला भास होतात," पाढा म्हटल्यासारखं तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ताडकन उठले ती खुर्ची आडवी करूनच. "याला आधी बाहेर काढा. मग काय ते विचारा."

डॉक्टरांनी नाइलाजाने मान हलवली. वॉर्डबॉय बाहेर गेला, दार लागलं. मी धाकट्यासमोर खाली बसले. "आता सांग, बाळा. ते वळ मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत."

त्याने दाराकडे पाहिलं. मग माझा हात घट्ट धरून कानाशी आला. "ताई, आवाज चढवू नकोस. म्हण की तुलाही भास झाला. तसं म्हटलं की बांधत नाहीत."

मी सुन्न झाले. मी याला वाचवायला आले होते, आणि हा मला वाचवत होता.

"काय म्हणतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

मी ते मोठ्याने सांगितलं, शब्दन्‌शब्द. मेट्रन टेबलाकडे बघत बसली.

"भावाला मी आत्ता घरी नेतेय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "पण चौकशी थांबवायची नाही. आत अजून माणसं आहेत, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांना भेटायलाही कुणी येत नाही."