कागदावर नसलेला शब्द

"मावशी, गुलाबराव नेमका कोणता शब्द बोलला?" वकील संजीवनीताईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"सांगतलं ना माय. जातीवर बोलला."

"निकालात तेच लिहिलंय, नेमका शब्द कुठेच नाही. म्हणून तर तो सुटला."

मनकर्णाबाई मोताळ्याकडच्या एका गावात अंगणवाडीत मदतनीस होती. नालीच्या पाण्यावरून शेजारच्या गुलाबरावाने भर हापशीवर तिची जात काढली. पोलीस ठाण्यातल्या जमादाराने 'जातिवाचक शिवीगाळ' एवढंच लिहून घेतलं. तिथे पाणी भरणारी झुंबरबाई कोर्टात म्हणाली, "भांडण आयकलं, बोलणं नाही." आणि साक्षीच्या पिंजऱ्यात शब्द विचारला, तेव्हा मनकर्णाबाई आपल्या पायांकडे बघत राहिली. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेल्या तिच्या बापाने घरातले देव आणि तो शब्द एकाच दिवशी बाहेर काढले होते. साठी उलटली तरी तिने तो जिभेवर घेतला नव्हता.

"सांग ना माय," तिचा मुलगा प्रसेनजित म्हणाला. "नागपूरले अपील कराचं आहे. मुदत सरून राह्यली."

तिने टेबलाची कड धरली आणि सांगितलं. गुलाबराव बोलला तसं, पुढच्या-मागच्या शिव्यांसकट. कोपऱ्यातल्या टायपिस्टचे हात थांबले. प्रसेनजित भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागला.

"लिहा आता," ती म्हणाली.

संजीवनीताईंनी पेन उचललं नाही. "मावशी, तो खरंच बोलला, याची मला माझी खात्री करायची होती. अपिलात सहसा नवा जबाब घेत नाहीत. हायकोर्ट जुने कागद वाचतं. त्यात शब्द नाही."

"मंग मले बोलाले काऊन लावलं?"

संजीवनीताईंनी वकीलपत्र पुढे सरकवलं. "अपील करू आपण. इथे सही."

तिने सही केली.

गावात एसटीतून उतरून दोघं घराकडे वळली, तर गुलाबराव चार जणांना घेऊन आपल्या ओट्यावर बसलेला.

"काऊन वं मनकर्णे, गवसला का शब्द? का मी येऊ नागपूरले सांगाले?"

ओट्यावर हसू फुटलं. हापशीवर झुंबरबाई होती. तिने पाण्याचा गुंड खाली न ठेवताच तोंड फिरवलं. प्रसेनजित थबकला. मायने त्याचं मनगट धरून त्याला घरात ओढलं.

दिवेलागणीला बुद्धाच्या मूर्तीपुढे, बापाच्या फोटोसमोर, रोज मनकर्णाबाई स्वतः वंदना म्हणायची. आज तिने मोरीत तीनदा चूळ भरली, मेणबत्ती प्रसेनजितच्या हातात दिली आणि उंबऱ्याशी जाऊन बसली.

"तू म्हण," ती म्हणाली.