दोनशे बारा तक्रारींचा लाल ठिपका

मी एक जुना ठिपका आहे. नकाशावरचा, लाल. मित्रांनो, ऐटीत आत्मवृत्त सांगावं असं माझ्या हातून काही झालेलं नाही. जे झालं त्याची लाज वाटते, म्हणून सांगतो.

आकार : मोहरीएवढा

शहरात कुत्रा चावल्याच्या सहाशे तक्रारी आल्या होत्या. महापालिकेच्या कचेरीतल्या ताईने त्या संगणकात भरल्या आणि नकाशा काढणाऱ्या सॉफ्टवेअरला सांगितलं, तक्रार असेल तिथे ठिपका; तक्रारी जितक्या जास्त, तितका ठिपका मोठा. एका क्षणात आम्ही सगळे जन्मलो. मी शहराच्या अगदी मधोमध.

आकार : लिंबाएवढा

मी फुगत गेलो. शेजारचे ठिपके दोन-तीन तक्रारींवर अडले, माझ्या दोनशे बारा झाल्या. का, हे मी विचारलं नाही. मोठं होताना कोण विचारतं?

बैठकीत मला भिंतभर दाखवलं. मोठे साहेब ताईला म्हणाले की आजवर आपण चाचपडत होतो, आता कुठे जायचं ते डोळ्यांना दिसतंय. टाळ्या झाल्या. मी आणखी लाल झालो असतो, पण त्याहून लाल रंग यादीत नव्हता.

दुसऱ्याच दिवशी कुत्री पकडणारी गाडी थेट माझ्या जागेवर गेली.

तिथे शिंपीणकाकूंचं घर होतं. उंबऱ्यावर त्यांची म्हातारी कुत्री गुंडी पहुडली होती. जाळं टाकावंच लागलं नाही. माणसं बघून तिने शेपूट हलवली.

आकार : तोच, पण

काकू गळ्यातली मोजायची टेप तशीच घेऊन कचेरीत आल्या. पकडलेली कुत्री दुसऱ्या दिवशी सकाळी दूर कुठेतरी नेऊन सोडणार होते. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. नकाशाच सांगतोय म्हणाले, आम्ही काय करणार.

"साहेब, तिला तीन दात उरलेत," काकू म्हणाल्या. "पाव भिजवून द्यावा लागतो. दोनशे बारा माणसांना चावायला तिला किती जन्म लागतील?"

तेव्हा ताईने पहिल्यांदा माझ्यावर क्लिक केलं. माझ्या पोटातली यादी उघडली.

पत्ता : माहीत नाही.
पत्ता : बाजाराजवळ.
पत्ता : आमच्या गल्लीत.
पत्ता : माहीत नाही.

खाली, आणखी खाली, दोनशे बारा ओळी. ज्या तक्रारीची जागा सापडली नाही, ती सॉफ्टवेअरने शहराच्या मध्यावर आणून टाकली होती. काकूंच्या गल्लीतली एकही नव्हती. टाळ्या आठवल्या आणि मला स्क्रीनच्या कडेबाहेर पडून जावंसं वाटलं.

"काकू, चूक माझी आहे. मी उघडून बघितलंच नाही," ताई म्हणाली. "चला, आत्ताच आणू तिला."

आकार : शून्य

गुंडी परत आली. मला नकाशावरून काढलं. ताईने कोपऱ्यात एक चौकट केली, 'जागा न सापडलेल्या तक्रारी : २१२'. मी आता तिथे राहतो.

ताई कधीमधी काकूंकडे जाते. गुंडी उंबऱ्यावर येतच नाही, असं ती सांगत होती. गाडीचा आवाज आला की शिलाई मशीनखाली शिरते.

मित्रांनो, नकाशावर मोठा ठिपका दिसला की हुरळू नका. आधी त्यावर बोट ठेवा, आत काय आहे ते वाचा. त्याच्याखाली कुणाचं तरी घर असतं.

माझी जुनी जागा आता कोरी आहे. बघणाऱ्याला वाटतं, तिथे कधी काहीच घडलं नाही.