हापिसची भाषा

मी रियाच्या डाव्या कानातून बोलतेय. शेंगदाण्याएवढी मशीन मी, आणि स्वभावाने भित्री. ताटली पडली, कुकरची शिट्टी झाली, की घरात पहिला जीव माझा उडतो.

कणकवलीच्या दवाखान्यातून मी तोंडवलीला आले, तेव्हा रिया चार वर्षांची होती आणि एक शब्द बोलत नव्हती. तिथल्या मॅडमनी वर्षभराची मुदत दिली होती. तोवर दोन शब्दही जोडता आले नाहीत, तर तिला लांबच्या निवासी शाळेत ठेवायचं.

त्या धास्तीने घरात एक चूक झाली. मशीन सरकारी दवाखान्यातली, म्हणून सगळे रियाशी हापिसातलं मराठी बोलू लागले. तिची आई संचिता कानाशी वाकून विचारायची, "रिया, तुला पाणी हवे आहे का?" आणि मान वळवली की घरच्यांशी मालवणी. तिच्यासाठी ठेवलेली भाषा कुणी एकमेकांशी बोलतच नव्हतं. मग कशामागून काय येतं, हे तिने कुणाचं ऐकून ओळखायचं? महिने जात होते. मी नुसती धडधडत होते.

फक्त लवू आजोबा ऐकेनात. "माका तुमची हापिसची भाषा येणा नाय," म्हणायचे. जाळं सांधताना रिया शेजारी, आणि कुठली वस्तू कुठे आहे, हे प्रश्न त्यांचे त्यांनाच. "सुरी खंय आसा? हय आसा. दोरो खंय आसा? हय आसा."

हळूहळू 'दोरो' म्हणताच तिची नजर दोऱ्याकडे जाऊ लागली. पुढचं तिला आधीच कळत होतं. ओठ मात्र मिटलेलेच.

मुदत भरली. कणकवलीत मॅडम चित्रं दाखवत होत्या. हे काय आहे? ते काय आहे? रिया गप्प. आजोबा मघाशीच बिडीसाठी उठून गेले होते. संचिताचा श्वास मला ऐकू येत होता. मॅडमनी पेन उचललं.

रियाने दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"आजो खंय आसा?"

'सुरी खंय' माझ्यातून गेलं होतं, 'दोरो खंय'ही. हे वाक्य कधीच गेलं नव्हतं. आजोबा कायम शेजारीच असायचे, त्यांना कोण कशाला शोधेल? ते तिने स्वतः जुळवलं होतं.

मॅडमही मालवणी मुलखातल्याच. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"भायर आसा गो. हाक मार बघू."

तिने मारली. बिडी टाकून म्हातारा धावत आला.

निवासी शाळेचं नाव आता निघत नाही. मी जुनी झालेय, मध्येच खरखरते. लवकरच माझ्या जागी दुसरी येईल. जाण्याआधी एवढंच सांगते. तिच्याजवळ हवा तर आवाज चढवा, बोलणं बदलू नका. एकमेकांशी भांडता, तसंच तिच्यादेखत भांडा. तिला ऐकू द्या.