नागसेनच्या पसंतीचा काँप्युटर

साहेब, तुम्ही खोटं लिहिलं. शिक्का मारून, सही ठोकून, त्याच कागदावर चहाचा कप ठेवून खोटं लिहिलं. ‘सदर इसम आमच्या आस्थापनेवर नव्हता. तो विनापरवानगी विजेच्या खांबावर चढला व स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मयत झाला.’ जित्याजागत्या पोराला दोन ओळींत निकालात काढलं तुम्ही. तुमचं नाव इथं घेत नाही. तुमच्या खुर्चीवर उद्या दुसरा बसेल आणि तोही हेच लिहील, म्हणून नाव घेऊन उपयोग नाही. ऐका फक्त. गोष्ट एका काँप्युटरची आहे. गेम खेळायच्या काँप्युटरची. हसू येत असेल तर आधी हसून घ्या.

काँप्युटर त्या पोराला, नागसेनला घ्यायचा होता. घेतला त्याच्या धाकट्या बहिणीनं, रोहिणीनं. परभणीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत भुजंगचं दुकान आहे, तिथं ती वडिलांना घेऊन गेली. दत्तराव म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले गुरुजी. पोरगा गेल्यापासून बोलणं कमी केलेला माणूस. दुकानात एका कोपऱ्यात टोपी मांडीवर घेऊन बसले.

“गुरुजी, पोरीच्या अभ्यासाला पाहिजे ना? मग लॅपटॉप घ्या की सरळ,” भुजंग म्हणाला.

“गेम खेळायला पाहिजे,” रोहिणी म्हणाली.

भुजंगनं एकदा गुरुजींकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. मग त्याच्यातला दुकानदार जागा झाला. “असं सांगा की! मग हे घ्या. काचेचं कॅबिनेट. आत लायटिंग, चार पंखे. वरातीतला बँडवाला झक मारतो याच्यापुढं.”

“याच्यात एसएमपीएस, पावर सप्लायचा डबा, कोणता हाय?”

“कॅबिनेटसंगंच येतो. फुकट.”

फुकट म्हणताक्षणी तिच्या कानाशी कुणी तरी जोरात हसलं. तिनं मागं वळून पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती, हसणं नागसेनचं होतं. ‘रोहे, फुकटचा एसएमपीएस म्हंजी घरात आगकाडी. आपल्या गावची लाईन म्हंजी उधळलेलं वळू. कवा मरगळतं, कवा अंगावर येतं. कॅबिनेट पत्र्याचा डबा चालंल, पर वळूला आवरणारं दावं पक्कं घे. बाकी सगळं त्याच्यामागं.’

दोन वर्षं ओट्यावर बसून भाऊबहिणीनं हेच केलं होतं. घरचे लोक सोयरीक जमवताना जसं गोत, घर, पोराची नोकरी सगळं खोदून काढतात तसं त्यांनी एकेक पार्ट खोदून काढला होता. व्हिडिओ बघायचे, भांडायचे, पसंत केलेला प्रोसेसर दुसऱ्या दिवशी नापसंत करायचे. पैसा कुठं होता? पण निवडायला पैसा लागत नाही. आता पैसा होता. नागसेनच्या खात्यावर राहिलेला, तेवढाच. नागसेनला कामावर लावणारा ठेकेदार एका सहीच्या बदल्यात पाकीट घेऊन आला होता, ते दत्तरावांनी त्याच्याच गाडीच्या सीटवर ठेवून दिलं होतं.

“फुकटचा नको. वेगळा दाखवा, चांगल्यातला,” रोहिणी म्हणाली. “कॅबिनेट साधं. प्रोसेसर असा द्या की ग्राफिक्स त्याच्या पोटातच पाहिजे. कार्ड आता घेत न्हाई. बोर्डवर कार्डाची जागा मातर ठेवा. आन् रॅम सोळाची एक नको, आठ-आठच्या दोन.”

“कार्ड न घेता गेमिंग? ताई, ही तर बिनचाकाची गाडी झाली!”

“चाकं मागून बसवू. आधी इंजन जळायला नको.”

भुजंगनं हात जोडले. “गुरुजी, तुमची पोरगी मला दुकान बंद करायला लावती. कोणी शिकवलं गं ताई हे?”

“भाऊ हाय माझा.”

हाय. होता नाही म्हणाली. दत्तरावांनी टोपी झटकली, डोक्यावर घातली, आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

गंगाखेडवरून राणीसावरगावच्या बसमध्ये बापलेक तिघांच्या सीटवर दोन टोकांना बसले. मध्ये खोकी ठेवली. कंडक्टर म्हणाला, खोकी खाली घ्या, माणसाला बसू द्या. दत्तराव म्हणाले, “बसलाय माणूस.” कंडक्टर पुढं सरकला. रोहिणीनं खिडकीबाहेर तोंड केलं.

आता त्या घराचं सांगतो. बौद्धाचं घर आहे. छप्पन सालापासून त्या घरात देव नाही, भूत नाही, अंगात येणं नाही, उतारा नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. खाली चार्जिंगला लावलेला नागसेनचा मोबाईल. त्याची माय, सुलाबाई, तो कधीच बंद पडू देत नाही. रिचार्ज संपत आला की रोहिणीच्या मागं लागते.

आणि तो मोबाईल वाजतो.

नागसेनचा जलदान विधी झाला, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो पहिल्यांदा वाजला. एकच रिंग. हात लावायच्या आत बंद. बघितलं तर गावची लाईट गेलेली. दुपारी दोन रिंगा वाजल्या आणि थोड्या वेळानं लाईट आली. शेजारची चांगुणाबाई दारात येऊन म्हणाली, “सुलाबाई, लेकराचा जीव तारंत अडकलाय बघ. लाईट यायच्या आधी सांगायलाय. उतारा टाका.”

“आमी उतारा टाकत न्हाई,” दत्तराव म्हणाले. “आत्मा नसतो, चांगुणाबाई. बावीस प्रतिज्ञा घेतल्यात या घरानं.”

खरं बोलले. पण फोन वाजला की चपला न घालताच घराबाहेर पडायचे. सुलाबाई मात्र दोन रिंगा वाजल्या की पाण्याच्या मोटारीचं बटन दाबून ठेवायची, म्हणायची, “नागसेन सांगायलाय, येईल आता.” घाबरत नव्हती. घाबरायची रोहिणी. तिला माहीत होतं नंबर कुणाचा आहे. स्क्रीनवर नाव यायचं, ‘सबस्टेशन’. जुना नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये राहिला असेल, तिनं स्वतःला समजावलं होतं. सगळ्या लाईनमनना रिंग देतात, त्यात मेलेल्यालाही जाते. समजावलं होतं, पण रिंग वाजली की तिच्या पाठीवरून गार पाणी सुटायचंच.

साहेब, रिंगांचा अर्थ तुम्हाला माहीत आहे, वाचणाऱ्यांना सांगतो. कागदावर तुमचा कायदा लय झाक आहे. लाईन बंद करा, परवाना लिहा, लाईनमनची सही घ्या, तारेला साखळी टाकून जमिनीला जोडा, मग माणूस वर जाईल. खरं काय चालतं? सबस्टेशन एकीकडं, खांब दुसरीकडं, मध्ये दोन गावं. परवाना कोण नेणार? म्हणून मिस्ड कॉल. एक रिंग म्हणजे लाईन बंद, चढ. दोन रिंगा म्हणजे उतर, सोडतोय. दोन रिंगा दिल्या की सबस्टेशनवरचे किशनराव तळहातावर तंबाखू मळतात, चिमूट तोंडात टाकतात आणि मग लाईन सोडतात. तुमच्या खात्याची सगळी सुरक्षा म्हणजे किशनरावांची चिमूटभर तंबाखू. साखळी आणि हातमोजे ठेकेदाराच्या बिलात आहेत. खांबावर नाहीत.

नागसेन आयटीआय शिकलेला. ठेकेदाराकडं लागून तीन महिने झाले नव्हते. संध्याकाळी येऊन ओट्यावर पाय पसरायचा आणि एसएमपीएसच्या गप्पा मारता मारता म्हणायचा, “मला रिंग येतच न्हाई गं. किशनकाका म्हातारे झाले, इसरतात. मी आपला अंदाजानं उतरतो.” एके दिवशी अंदाज चुकला.

पार्ट आणले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लाईट गेली आणि फोन एकदा वाजला. रोहिणीनं दाराच्या उजेडात गोधडी अंथरली आणि काँप्युटर जोडायला घेतला. प्रोसेसर बसवताना सुलाबाईनं तिचं मनगट धरून ठेवलं. रॅम दाबताना कट असा आवाज आला आणि रोहिणी दचकली. ‘घाबरतीस कशाला? असाच आवाज येतो. आला न्हाई तर घाबर.’ कान तापले तिचे. खोलीत मायलेकीशिवाय कुणी नव्हतं.

“तू काही बोललीस का माय?”

“न्हाई बा.”

तेवढ्यात दारात सावली पडली. रोहिणीच्या तोंडून किंकाळी निघता निघता राहिली. खांद्यावर दोर, कमरेला पक्कड. पण तो माऊली होता, पोखर्णीकडचा नवा लाईनमन. नागसेनच्या जागी दसऱ्याला लागलेला. त्याला पाणी पाहिजे होतं.

“ताई, ही काय कोंबडी चिरून बसलात?” उघड्या कॅबिनेटकडं बघून तो म्हणाला.

“काँप्युटर हाय. तुमच्या लाईनीची वाट बघायलाय.”

“मग झालंच. वड्याकडचा एक खांब राहिलाय. तुमी बटनावर बोट ठिवून बसा, मी आलोच लाईन घेऊन.”

“जपून, बाबा,” सुलाबाई म्हणाली. “रिंग आली की लगेच उतर.”

“कसली रिंग, मावशी! मला कवाच येत न्हाई. किशनकाका म्हातारे झाले, इसरतात. मी आपला अंदाजानं उतरतो.” त्यानं तांब्या पालथा घातला आणि हसत गेला.

रोहिणी तेव्हा बटनाच्या बारीक वायरी बोर्डवर लावत होती. सुईत दोरा ओवण्याइतकं किचकट काम. माऊलीचं बोलणं तिच्या कानात शिरलं आणि तिथंच बसून राहिलं. कुठं तरी ऐकलेलं. शब्दाला शब्द ऐकलेलं. कुठं, ते आठवेना. तिनं झाकण लावलं, स्क्रू पिळले, एसएमपीएसची वायर भिंतीला जोडली. दत्तरावही येऊन दाराशी उकिडवे बसले. मॉनिटर काळा होता. त्या काळ्या काचेत तिघं दिसत होते आणि तिघांनाही वाटत होतं की चौथं कुणी तरी असायला पाहिजे.

फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला.

“आली गं लाईन!” सुलाबाई टाळी वाजवून म्हणाली. “दाब बटन, माझ्या नागसेननं सांगितलं!”

रोहिणीचं बोट बटनावर होतं. आणि आठवलं. अंदाजानं उतरतो. ओट्यावर पाय पसरून, हसत, नागसेन म्हणाला होता. तेच. जसंच्या तसं.

सगळ्यांना रिंग जात नव्हती. रिंग एकालाच जात होती. इथं, या घरात, बाबासाहेबांच्या फोटोखाली.

“बाबा, वड्याकडं पळा!” ती ओरडली. “माऊली वरच हाय! त्याला रिंग आलीच न्हाई!”

रिटायर माणूस टोपी तिथंच टाकून अनवाणी पळत सुटला. रोहिणीनं मोबाईल चार्जरमधून उपसला आणि त्या नंबरावर फोन लावला. तिकडं तंबाखू मळली जात असेल. एक घंटा. दुसरी. तिसरी.

“उतरला का रं माऊली?” तोंडात चिमूट धरलेला आवाज. “सोडतो मंग.”

“सोडू नका! माऊली खांबावर हाय! हात काढा तिथून!”

“कोण बोलायलंय?”

“मी रोहिणी. नागसेनची बहीण. हा नागसेनचा फोन हाय.”

पलीकडून थुंकल्याचा आवाज आला आणि जड काहीतरी सरकवल्याचा. “न्हाई सोडत,” किशनराव म्हणाले. आवाज सोललेल्या माणसासारखा. “न्हाई सोडत, बाई. पर... पर हा तर लाईनमनचा नंबर हाय. मोबाईलमधी लाईनमन म्हणूनच हाय.”

लांबून दत्तरावांची हाक ऐकू येत होती. माऊली, ए माऊली, उतर बाळा. मग ओढ्याकडून माऊलीची ओ आली. रोहिणी खाली बसली. पण फोन तिनं ठेवला नाही.

“हा नंबर तुमाला कुणी दिला, काका?”

“साहेबानं टाकून दिला.”

“कवा?”

“चौकशी झाली तवा. अपघाताच्या कागदावर नंबर लागतो ना. मोबाईलमधी बी तवाच टाकला.”

“म्हंजी दादा मेल्यावर.”

पलीकडं खुर्ची करकरली.

“त्याच्या आधी कुणाचा होता तिथं?”

“आधीच्या लाईनमनचा. पुण्याला गेला तो, कंपनीत लागला. मला काय म्हाईत, बाई? मी लाईनमन बघतो आन् बटन दाबतो. मला वाचता कमी येतं. मला वाटायचं पोरगं उतरलं...”

सुलाबाई भिंतीला टेकून उभी होती. रोहिणीनं फोन स्पीकरवर टाकला. मायला ऐकू यावं म्हणून. तिच्या दुसऱ्या हाताखाली काँप्युटर गार होता.

साहेब, जित्या माणसाचा नंबर तुम्ही घेतला नाही. मेल्यावर घेतला. तुमचा माणूस नव्हता म्हणता, आणि तुमच्या मोबाईलमध्ये लाईनमन म्हणून तोच एकटा आहे. किशनराव त्या दिवशी रडत बसले. रडणं म्हणजे उत्तर नव्हे, असं रोहिणीनं त्यांना सांगितलं आणि एकच गोष्ट विचारली. त्यांना सांगता आली नाही, म्हणून ती तिच्याच शब्दांत तुम्हाला विचारतो. तुम्ही सांगा. “माझा भाऊ तारेला चिकटला त्या दिवशी त्या दोन रिंगा कुणाच्या खिशात वाजल्या?”