कानशिलावरचा डूल

कात्रपच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर मौनीमहाराज डोळे मिटून बसले होते. कपाळावर आवळलेली लाल पट्टी आणि पट्टीला, बरोबर कानशिलावर, लटकवलेला चांदीचा डूल. डूल मालिनीचा होता. मालिनी जाऊन पाच महिने झाले होते.

"आत्मा आला की धातू हलतो!" महाराजांचा टकला सेवेकरी माइकवर ओरडत होता. "एकदा हलला तर हो, दोनदा हलला तर नाही! ओठ बंद, हात मांडीवर. बघून घ्या! आहे का तुमच्या सायन्सकडे उत्तर?"

मालिनीचा नवरा भगवान पुढच्या रांगेत होता. अंबरनाथ पश्चिमेला त्याचं सलून. मेहुणी स्वप्नालीने त्याला ओढून आणलं होतं. शेजारी त्याची सोळा वर्षांची मुलगी अनुया. तिला फिट यायच्या. रोजच्या गोळ्यांवर दोन वर्षं एकही आली नव्हती.

स्वप्नाली उठली. "ताई, अनुच्या गोळ्या बंद करून महाराजांचा अंगारा सुरू करू का गं?"

डूल एकदा हलला. हॉलभर जयजयकार झाला. अनुया रडायलाच लागली. "पप्पा, मम्मी हो बोलली!"

खोटं कशाला, भगवानलाही ते खरं असावंसं वाटत होतं. तो उभा राहिला. "मालू, शेवटी फार त्रास झाला का गं?"

डूल दोनदा हलला. नाही.

त्याचे डोळे भरले. पण नजर डुलावरून हटली नाही. आणि डुलाखालची कातडी फुगली, बसली, फुगली, बसली, ते त्याला स्वच्छ दिसलं.

ही जागा वीस वर्षं त्याच्या बोटांखाली होती. कल्ल्यावर वस्तरा असताना गिऱ्हाईक सुपारी चावायला लागलं की तो ओरडायचा, "शेठ, चावू नका, कापेल!"

"महाराज," तो म्हणाला, "आता मोठा आ करा. तसंच बोलवा तिला."

"ए भाऊ, खाली बस!" सेवेकरी खेकसला. "महाराजांचं मौन तुटेल!"

"बोलायला कुठे सांगतोय? नुसता आ करू द्या. आत्म्याला काय दात लागतात?"

लोक हसले. मागून कोणी तरी ओरडलं, "खोलो ना महाराज, क्या प्रॉब्लेम है?"

आता सुटका नव्हती. महाराजांनी आ वासला.

"मालू, मी तुझा नवरा ना?"

डूल ढिम्म. भगवानने पुन्हा विचारलं. महाराजांच्या तोंडून लाळ गळली, डूल काही हलला नाही.

"नास्तिकाला बघून आत्मा पळाला!" सेवेकरी ओरडला.

"मघाशीही मीच होतो समोर. तेव्हा कसा नाही पळाला?" भगवान स्टेजवर चढला, पट्टीचा डूल सोडवला आणि लोकांकडे वळला. "सगळ्यांनी कानशिलावर बोटं ठेवा. ओठ मिटा. आता दातावर दात दाबा."

शेकडो कानशिलं बोटांखाली फुगली.

"हा चावायचा स्नायू. कानशिलावर पंख्यासारखा पसरतो, गालाच्या हाडाआडून खाली जबड्याला चिकटतो. दात दाबले की फुगतो. आता कानापुढे बोट ठेवून आ करा. हाड सरकतंय? तो जबड्याचा सांधा. जबडा खाली गेला की स्नायू ताणला जातो, दातावर दात येत नाही, मग फुगणार कसा? डोक्याची मालिश करणाऱ्याला हे रोज हाताला लागतं."

त्याने खाली येऊन डूल अनुयाच्या कानशिलाला लावला. "दात दाब, बेटा."

डूल हलला.

"म्हणजे मम्मी काहीच बोलली नाही?"

"नाही."

"त्रास नाही झाला म्हणाली, तेपण?"

हे एक खोटं भगवानला ठेवून घ्यावंसं वाटलं.

"झाला होता त्रास," तो म्हणाला. "फार झाला. मी होतो तिच्याजवळ."

स्टेजवर सेवेकऱ्याने माइक बंद केला होता. भगवान मोठ्यानेच बोलला, "आपलं माणूस गेलं की आपण कुणाचंही ऐकतो. हे लोक त्याचीच वाट बघतात. रडा, आठवण काढा. पण गेलेल्या माणसाच्या नावाने कोणी पोरीचं औषध बंद करायला सांगितलं, तर कसं आणि का ते विचारा. विचारल्यावर तो चिडला, तर पोरीला घेऊन घरी जा."