अध्यक्षांनी पाहिलेली पेशी

बाळकुमच्या त्या शाळेत एक सूक्ष्मदर्शक होता. होता म्हणजे कपाटात होता. मुलांनी हाताळला तर मोडेल ना! दसऱ्याला तेवढा मुख्याध्यापिका मंदाकिनीबाई त्याला बाहेर काढायच्या, मनसोक्त हळद-कुंकू वाहायच्या, वर झेंडूचं फूल ठेवायच्या आणि पुन्हा कुलूप. विज्ञानाचा इतका आदर दुसऱ्या कुठल्या शाळेत होत असेल असं वाटत नाही.

क्षिप्राला मात्र हा आदर झेपेना. कल्याणहून येणारी ही कंत्राटी शिक्षिका फळ्यावर पेशी काढून काढून वैतागली होती. आठवीच्या पोरांना सगळं तोंडपाठ: काय आत घ्यायचं नि काय बाहेर ठेवायचं ते पेशीपटल ठरवतं, कारभार केंद्रक बघतं. खरी पेशी पाहिलेली एकानेही नाही. तिने टुमणंच लावलं, तेव्हा मंदाकिनीबाईंनी तोड काढली. संस्थेचे अध्यक्ष काळुरामशेठ तिचा तास बघायला येणार होते. तास पसंत पडला तर क्षिप्रा कायम, नाहीतर दिवाळीनंतर नारळ.

"त्यांच्याच हस्ते उद्घाटन करू," बाई म्हणाल्या. "तोवर यंत्राला हात लावायचा नाही हं."

"पण मॅडम, आधी फोकस तरी..."

"पहिला मान अध्यक्षांचा, क्षिप्रा."

घ्या! म्हणजे आत काय दिसतंय ते न बघताच दाखवायचं.

त्या दिवशी क्षिप्राने कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवला, आयोडीनचा थेंब टाकला आणि पट्टी भिंगाखाली सरकवली. काळुरामशेठनी फीत कापली, एक डोळा मिटला आणि वाकले.

"आयला, दिसतंय की! लाल लाल गोळे!"

"केंद्रक," बाई न बघताच म्हणाल्या. मग स्वतः वाकल्या. "अगदी पुस्तकातल्यासारखं!"

क्षिप्रा चपापली. आयोडीनने पिवळं दिसायला हवं, लाल कुठून आलं? पण तेवढ्यात काळुरामशेठ म्हणाले, "पोरगी हुशार आहे बाई. ठेवून घ्या हिला." मग काय, शंका आपोआप विरघळली.

आता पोरांची पाळी. पहिली लिओना. तिने बराच वेळ डोळा लावला, मग काचपट्टी बाहेर ओढली आणि पुन्हा आत बघितलं.

"टीचर, कांदा काढला तरी केंद्रक दिसतंय."

बाईंनी डोळे वटारले. "लिओना, नीट बघ."

"नीटच बघितलं." पोरगी क्षिप्राकडे वळली. "टीचर, मी चुकले का?"

झालं! हो म्हणायला काय जात होतं? एका शब्दात नोकरी पक्की. क्षिप्राने तो शब्द जिभेवर आणलाही. पण लिओनाचा चेहरा बघून तिला तो बाहेर काढवेना.

"नाही गं. तूच बरोबर आहेस. ते पूजेचं कुंकू आहे." तिने ओढणीच्या टोकाने भिंग पुसलं.

"अगं, कुंकू पुसतात का असं?" बाई किंचाळल्या.

क्षिप्राने पट्टी पुन्हा लावली, फोकस केला आणि काळुरामशेठना बोलावलं. ते पुन्हा वाकले.

"हे काय? नुसत्या पिवळ्या विटा रचल्यात. मघाशी किती भारी दिसत होतं!" त्यांनी रुमालाने डोळा पुसला. "बाई, दिवाळीनंतर दुसरं कुणीतरी बघा." आणि गाडीकडे निघाले. बाई त्यांच्या मागे धावल्या.

क्षिप्राला रडू आलं. नोकरी गेली म्हणूनच आलं, उगाच उदात्त वगैरे काही नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाली, पण एकही पोरगं डब्याकडे गेलं नाही. रांग व्हरांड्यापर्यंत पोचली. "ए, ढकलू नको ना यार!"

बाई परतल्या तेव्हा शेवटचा मुलगा बघत होता. तो बाजूला झाला. बाईंनी आजूबाजूला नजर टाकली आणि हळूच भिंगाला डोळा लावला. आठवीला विज्ञान शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. बराच वेळ त्या हलल्याच नाहीत.

मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "क्षिप्रा, यात केंद्रक कुठलं गं?"